दहा प्लायचे टायर आणि मागच्या सीटवरचे गचके : एका गाडीचं प्रकरण

गाडी सात आसनी, लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या सांगाड्यावर बांधलेली, फोर बाय फोर. मागे सलग एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस, आणि कॉइल स्प्रिंग. कंपनीतून आलेले टायर २६५/६० आर १८ (रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १८ इंची), लोड इंडेक्स म्हणजे भार पेलण्याचा सांकेतिक आकडा ११०, साध्या हायवे नक्षीचे. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर हवेचा दाब पुढे-मागे ३३ पीएसआय आणि पूर्ण भार असेल तर मागे ३५.

मालकाचा प्रवास ठरलेला असतो. आधी साठेक किलोमीटर डांबरी रस्ता, मग वीसेक किलोमीटर कच्चा. या कच्च्या रस्त्याच्या तीन तऱ्हा आहेत. सुरुवातीला खडीचा पट्टा, त्यावर वाहनांनी पाडलेल्या आडव्या लाटा. मग अर्धे जमिनीत रुतलेले दगड. शेवटी कोरड्या नदीपात्रातली वाळू. सोबत बहुतेक वेळा त्यांच्या आई असतात. त्यांना मणक्याचं जुनं दुखणं आहे आणि त्या मधल्या रांगेत बसतात.

दगडांच्या पट्ट्यात दोनदा टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फाटल्यावर मालकांनी चारही टायर बदलले. नवे टायर त्याच मापाचे, पण एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या वर्गातले. ताकदीची श्रेणी लोड रेंज ई, ज्याला बाजारात ‘दहा प्लाय’ म्हणतात. नक्षी मड टेरेनची, म्हणजे चिखलासाठीची. दुकानात हवा भरून दिली ४४ पीएसआय. टायर पुन्हा फाटले नाहीत, मात्र आईंनी त्या गाडीत बसायचंच बंद केलं. मालकांनी शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग बदलायचं ठरवलं होतं आणि कुठले घ्यावेत हे विचारायला ते माझ्याकडे आले. मी त्यांना आधी सस्पेन्शनला हात लावू नका असं सांगितलं. जुन्या टायरवर हेच सस्पेन्शन आईंना सोसवत होतं. बदलले होते फक्त टायर आणि हवा, त्यामुळे शोध तिथूनच सुरू व्हायला हवा होता. तरी शॉकमधून तेल गळतंय का, सांध्यांमधले रबरी बुश फाटलेत का, हे बघून घेतलं. सगळं ठीक होतं.

वजन आधी, हवा मग

हवा किती असावी हे ठरतं टायरवर पडणाऱ्या भारावरून, म्हणून गाडी नेहमीच्या माणसांसह आणि सामानासह वजनकाट्यावर नेली. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. पुढच्या एक्सलवर सुमारे १,१८० किलो, मागच्यावर सुमारे १,२४० किलो. म्हणजे पुढच्या प्रत्येक टायरवर ५९० आणि मागच्या प्रत्येकावर ६२० किलो.

आता टायरकडे बघू. मूळ टायरचा लोड इंडेक्स ११०, म्हणजे एका टायरची कमाल क्षमता १,०६० किलो. नव्या एलटी टायरवर छापलंय ११९/११६. एका बाजूला एकच चाक असेल तर १,३६० किलो, जोडचाक असेल तर १,२५० किलो. पण ही १,३६० किलोची क्षमता मिळते ८० पीएसआयला. मूळ टायर आपली कमाल क्षमता ३६ च्या आसपासच देतो. एलटी टायर जड ओझं उचलायला बनवलेला असतो, पण त्यासाठी त्याला भरपूर हवा लागते. तोच एलटी कमी हवेवर चालवला, तर तेवढ्याच हवेवरच्या साध्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो.

इथे दुकानदाराची बाजू सांगायला हवी, कारण त्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. मूळ टायर ३३ वर जेवढा भार पेलतो, तेवढाच भार या एलटी टायरला पेलायचा असेल तर हवा चाळिशीच्या वर न्यावीच लागते. टायर उद्योगाचा रिवाजही हाच आहे : वर्ग बदलला तर मूळ टायरची भार पेलण्याची क्षमता कायम राहील एवढी हवा भरा. म्हणजे ४४ हा आकडा हवेतून आलेला नव्हता. हा टायर लावल्यावर डांबरी रस्त्यावर वेगाने जाण्यासाठी तो योग्यच होता. प्रश्न त्याच्या आधीचा होता. टायरमागे ६२० किलो भार असलेल्या गाडीला १,३६० किलोचा टायर कशासाठी?

‘दहा प्लाय’ या शब्दाने बरेच जण फसतात. आजच्या रेडियल टायरमध्ये दहा थर नसतात. साइडवॉलमध्ये कापडाचे दोन किंवा तीन थर असतात. जुन्या काळी सुती धाग्याचे दहा थर जेवढी ताकद देत, तेवढी ताकद या टायरमध्ये आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती ताकद ताठरपणा घेऊन येते आणि वजनही घेऊन येते.

गचका येतो कुठून

दगडावर चाक चढलं की पहिला दबतो तो टायर. सस्पेन्शनची स्प्रिंग त्यानंतर. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे आणि तिचा कडकपणा साधारण हवेच्या प्रमाणात वाढतो. शिवाय साइडवॉलचा स्वतःचा ताठरपणा त्यात मिळतो. साध्या टायरमध्ये हा दुसरा वाटा लहान असतो, दहा प्लायमध्ये मोठा. म्हणून एलटी टायरची हवा उतरवली तरी तो साध्या टायरइतका मऊ होत नाही. हवा गेली तरी भिंत तशीच ताठ असते.

लाटांच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते आणि या प्रकरणात आईंना सर्वांत जास्त त्रास तिथेच होत होता. चाक, एक्सल, ब्रेक हे सगळं एका बाजूला टायरच्या आणि दुसऱ्या बाजूला सस्पेन्शनच्या स्प्रिंगमध्ये अडकलेलं असतं. या वस्तुमानाची स्वतःची थरथरण्याची लय असते, साधारण सेकंदाला दहा-बारा वेळा. त्या पट्ट्यातल्या दोन लाटांमधलं अंतर होतं सुमारे ८० सेंटिमीटर. गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला दहा मीटर गेली, की चाकाला सेकंदाला साडेबारा धक्के बसतात. हा आकडा चाकाच्या स्वतःच्या लयीला जाऊन भिडतो, चाक उड्या मारायला लागतं आणि जमिनीवरची पकड तुटक होते. मालक नेमके तिथे पस्तीस-चाळीसच्या वेगाने जात. टायर जड झाल्यामुळे उडणारं वस्तुमानही वाढलं होतं. शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेच होते आणि त्यांना आधीपेक्षा जास्त काम पडत होतं. अशा रस्त्यावर शॉकमधलं तेल तापतं आणि काही किलोमीटरनंतर त्यांचा जोर कमी होतो. ‘सुरुवातीला बरं असतं, पुढे सहन होत नाही’ असं आई म्हणत होत्या, त्याचं हेही एक कारण असणार.

‘जरा जोरात गेलं की लाटा जाणवत नाहीत’ असं पुष्कळ चालक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. जास्त वेगात चाक लाटेच्या माथ्यांवरून तरंगत जातं. पण तरंगणारं चाक ब्रेकही नीट लावू शकत नाही आणि वळणही घेऊ शकत नाही. आजारी माणूस गाडीत असताना हा उपाय मी कुणालाही सांगणार नाही. उलट, अगदी हळू जाणं हाही सरळ उपाय नाही. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभे हादरे सर्वांत जास्त बाधतात ते सेकंदाला चार ते आठच्या पट्ट्यातले. ८० सेंटिमीटरच्या लाटांवर ताशी वीसच्या वेगाला सेकंदाला सातेक धक्के बसतात. चाक उडत नाही, पण धक्का शरीराला नको त्या ठिकाणी गाठतो. प्रत्येक पट्ट्यात बरा वाटणारा वेग शोधावाच लागतो.

एकाच पट्ट्यावर हवेचे चार आकडे

नवे टायर लगेच काढून टाका म्हणण्याआधी त्यांच्यातून किती आराम निघतो हे बघणं आवश्यक होतं. लाटांचा तोच पट्टा, तोच चालक, तेवढंच वजन, ताशी २८ च्या आसपास वेग. बदल फक्त हवेत. आई गाडीत नव्हत्या. त्यांच्या जागी मधल्या रांगेत मी बसलो.

४४ ला बारीक खडीसुद्धा कण्यात जाणवत होती. ३६ ला बारीक टोचणं कमी झालं, पण रुतलेल्या दगडांचे दणके तसेच. २८ ला फरक ठळक झाला. दगडावरून जाताना टायर त्याला वेढून घेतोय असं वाटलं आणि स्टिअरिंगचं थरथरणं थांबलं. २४ ला मात्र आणखी काही हाती लागलं नाही. गाडी किंचित डुलू लागली आणि वळणात स्टिअरिंगला उशिरा प्रतिसाद मिळू लागला. या टायरची साइडवॉल जिथपर्यंत वाकायला तयार होती ती हद्द २८ च्या जवळपास होती. त्याखाली उतरून तोटाच.

मग २८ वरच डांबरी रस्ता धरला. हेतू हा की, हवा पुन्हा न भरता घरी जायचा मोह मालकांना होणार हे उघड होतं आणि त्याचा परिणाम त्यांनी स्वतः बघावा. अर्ध्या-पाऊण तासाच्या वेगवान प्रवासानंतर गेज लावला तेव्हा हवा सहाहून जास्त पीएसआयने चढलेली होती. थंड आकड्यापेक्षा चार पीएसआयच्या आसपास वाढ ही साध्या टायरसाठी ठीक मानतात, एलटीसाठी सहाच्या आसपास. त्याहून जास्त वाढ म्हणजे टायर प्रत्येक फेऱ्यात गरजेपेक्षा जास्त वाकतोय आणि आतून तापतोय. कमी हवेवर वेगाने पळवलेला टायर याच उष्णतेने आतून सुटतो आणि फुटतो. कच्च्यावरची हवा कच्च्यावरच ठेवायची, यात तडजोड नाही.

जुन्या टायरची जखम

खरा निर्णय झाला तो मालकांच्या शेडमध्ये पडलेल्या दोन फाटक्या टायरमुळे. ‘साइडवॉल फाटली’ एवढंच मला सांगितलं होतं. टायर उलटेपालटे करून पाहिल्यावर दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. एका टायरवर दोन समांतर चिरा होत्या, एक रिमच्या कडेजवळ आणि एक ट्रेडजवळ, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाजवळ. ही कापल्याची खूण नसते. चाक वेगात दगडावर आदळलं, टायर पूर्ण दबला आणि रिम व दगड यांच्यामध्ये चिमटला, की अशी जोडजखम होते. दुसऱ्या टायरला बाहेरच्या अंगाने एकच तिरपा काप होता, धारदार दगडाचा. दोन्ही टायर डाव्या मागच्या चाकाचे होते. दगडांच्या पट्ट्यात एका अरुंद जागी मालक गाडी डावीकडे दाबून घेतात आणि मागचं चाक पुढच्यापेक्षा आत कापत जातं, हे नंतर प्रत्यक्ष जागेवर दिसलं.

म्हणजे एक टायर गेला होता वेगामुळे आणि बुटक्या साइडवॉलमुळे, दुसरा गाडीच्या मार्गामुळे. दोन्हींवर दहा प्लाय हे उत्तर चालतं, पण ते सर्वांत महाग पडणारं उत्तर आहे आणि इथे त्याची किंमत आईंच्या पाठीने मोजली.

काय निवडलं

या गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनीच १७ इंची चाकं देते, म्हणजे ब्रेकला १७ ची रिम बसते याची खात्री होती. ही खात्री नसेल तर लहान रिमचा विचारच करू नये. ब्रेकचे कॅलिपर रिमला घासतात. ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते) आणि मधलं भोक हेही जुळायला लागतं.

गणित असं. २६५/६० आर १८ मध्ये साइडवॉलची उंची २६५ च्या ६० टक्के, म्हणजे १५९ मिलिमीटर, आणि चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ७७५. २६५/६५ आर १७ मध्ये साइडवॉल १७२ मिलिमीटर आणि व्यास सुमारे ७७६. व्यास जवळपास तोच, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग यांना धक्का नाही. पण रिम आणि दगड यांच्यामध्ये तेरा मिलिमीटर जास्त रबर आणि हवा. आरामासाठी टायर निवडताना मी सर्वांत आधी हाच आकडा बघतो. नक्षीचा विचार त्यानंतर. दुकानात मात्र सगळी चर्चा नक्षीवरून होते, कारण ती डोळ्यांना दिसते.

नक्षी घेतली ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा दोन्हींसाठीची. वर्ग साधा, एलटी नव्हे. लोड इंडेक्स ११२, म्हणजे १,१२० किलो. मूळ टायरपेक्षा जास्तच, त्यामुळे स्टिकरवरचे आकडे जसेच्या तसे लागू. मड टेरेनचे मोठे ठोकळे या वाटेवर कधी उपयोगी पडले असते? फक्त खोल चिखलात, आणि तसा चिखल या वाटेवर वर्षातला थोडा काळ असतो. बाकी वेळ ते डांबरावर घोंगावतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमी साथ देतात. मालकांनी पावसाळ्याच्या ऐन भरात ती वाट टाळायचं मान्य केलं, म्हणून हा निर्णय सोपा झाला. ज्यांना रोज धारदार दगडांतच जायचं आहे त्यांना मी साध्या वर्गाचा टायर सुचवणार नाही. त्यांनी एलटीमध्येच, पण लोड रेंज सी शोधावी. तिची कमाल हवा ५० पीएसआय असते आणि अंगही ईपेक्षा पुष्कळ नरम.

काढलेले दहा प्लायचे टायर एका मालवाहू पिकअपला गेले. तिथे मागच्या चाकांवर खरोखर ओझं असतं, आणि ते टायर त्यासाठीच बनलेत.

हवेचं नवं वेळापत्रक

डांबरी रस्त्यावर थंड टायरमध्ये पुढे ३३, मागे ३५. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना.

कच्चा रस्ता सुरू होतो तिथे पुढे २५, मागे २७ असं ठरलं आणि कमाल वेग ताशी ४०. इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांकडून सुटतो. साठ किलोमीटर डांबरावरून आल्यावर टायर गरम असतो. सकाळी ३३ भरलेली हवा तेव्हा गेजवर ३७ च्या आसपास दिसते. त्या गरम टायरमधून हवा सोडत गेज २५ वर आणला, तर टायर थंड झाल्यावर तिथे २२ च उरतात. म्हणून पुढे २५ हवी असेल तर गरम टायरवर २८ ला थांबायचं, मागे ३० ला. मालकांनी हे आकडे सनशेडच्या मागे चिकटवले आहेत.

दगडांच्या पट्ट्यात यापेक्षा कमी हवा मी मुद्दाम सुचवली नाही. हवा कमी झाली की ट्रेड दगडाला वेढतो आणि टोचून पंक्चर होण्याची शक्यता घटते, हे खरं. पण साइडवॉल बाहेर फुगते आणि कापायला सापडते. त्या अरुंद जागी आता गाडी डावीकडे दाबत नाहीत, एकजण खाली उतरून वाट दाखवतो आणि वेग पायी चालण्याइतका असतो. दुसऱ्या प्रकारच्या जखमेवरचा उपाय हा आहे, टायर नव्हे.

नदीपात्रातल्या वाळूत चारही टायर १८ वर. हवा उतरली की टायरचा जमिनीवरचा ठसा मुख्यतः लांबीत वाढतो, त्यामुळे चाक वाळू खणण्याऐवजी तिच्यावर चढून राहतं. १९३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन हिंडत होते, तेव्हा त्यांनाही मऊ वाळूत टायरची हवा उतरवण्याचा गुण उमगला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये तर चालकाला बसल्या जागेवरून हवा कमी-जास्त करण्याची सोय होती. १८ वर मात्र वेग वीसच्या आत ठेवायचा आणि वळण मोठं घ्यायचं. झटकन वळवलं तर टायरची कड रिमवरून सुटते, आणि वाळूत जॅक लावून ती परत बसवणं फार कष्टाचं काम आहे. पात्र ओलांडलं की लगेच २५-२७. त्यासाठी बॅटरीवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर आणि विश्वासाचा गेज गाडीत कायम असतो. चार टायर भरायला थोडा वेळ लागतो. आई तेवढ्यात पाय मोकळे करून घेतात, आणि त्यांच्या पाठीला तेही उपयोगी पडतं.

लाटांच्या पट्ट्यात मालकांना ताशी २७-२८ चा वेग मानवला. तिथे चाक उडत नाही आणि धक्क्यांची गतीही शरीराच्या नाजूक पट्ट्याच्या थोडी वरच राहते. मधली रांग मागच्या एक्सलच्या अगदी पुढ्यात असल्याने आईंना पुढच्या सीटवर बसवायचं ठरलं. दोन एक्सलांच्या मध्यावरची जागा सर्वांत शांत असते. या एका बदलाला काहीच लागलं नाही.

आई आता पुन्हा त्या वाटेने जातात. सगळं सुटलेलं नाही. खोल खड्ड्यात मागचा सलग एक्सल अजूनही गाडी आडवी हलवतो. तो त्याच्या रचनेचा भाग आहे आणि टायरने त्याला फारसा फरक पडत नाही. शॉक बदलायचा विषय मालकांनी सध्या बाजूला ठेवलाय. आहेत ते झिजतील तेव्हा बघू, असं ठरलंय.

स्टेपनीचं काम तेवढं बाकी होतं. ती अजून जुन्या २६५/६० आर १८ चीच आहे. व्यास एका मिलिमीटरने कमी, त्यामुळे अडीअडचणीला मागे लावून घरापर्यंत यायला हरकत नाही. पण कच्च्यावरची हवा तिला लागू नाही. तिची साइडवॉल बुटकी आहे, म्हणून ती लावलेली असताना वेग आणखी उतरवायचा. तिच्यावरच्या निर्मिती-कोडचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर गाडीइतकंच जुनं निघालं, आणि साइडवॉलला बारीक भेगाही दिसत होत्या. पाचवा टायर, नव्या मापाचा, मागवला आहे. तो बसेपर्यंत दगडांच्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबायचं मालकांनी कबूल केलंय.